साकुरा पाहायला जपानला जायचंय? महिना, गाव आणि झाड कसं निवडाल

साकुरा, म्हणजे चेरीच्या झाडांचा बहर, पाहायला जपानला यायचं ठरवलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: नेमकी तारीख सांगा. सहा महिने आधी ती कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. टोकियोत २०२३ साली पहिली फुलं १४ मार्चला उमलली. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, त्यासाठी २९ मार्च उजाडावा लागला. आठ-दहा दिवसांच्या सहलीला पंधरा दिवसांचा हा फरक फार महागात पडतो.

पण जपान दक्षिणोत्तर लांबलचक पसरलेला देश आहे, मध्ये डोंगर आहेत आणि साकुराच्या जातीही कितीतरी आहेत. त्यामुळे जानेवारीपासून मेपर्यंत कुठे ना कुठे बहर असतोच. मी टोकियोत राहते आणि दर वसंतात येणाऱ्या पाहुण्यांना हेच सांगते, की तारखेच्या मागे लागू नका. तुमच्या सुट्टीच्या तारखा आधी पक्क्या करा आणि मुक्काम असा निवडा, जिथून फुलं उशिरा आली तर दक्षिणेला आणि लवकर आली तर उत्तरेला किंवा डोंगरावर सरकता येईल. हे कसं जमवायचं, ते पायरीपायरीने सांगते.

पहिली पायरी: झाडं ओळखा

नदीकाठी, उद्यानांत, शाळांच्या आवारात जी फिकट गुलाबी, जवळजवळ पांढरी झाडं दिसतात, ती बहुतेक ‘सोमेई योशिनो’ या एकाच वाणाची असतात. एदो काळाच्या (सतरावं ते एकोणिसावं शतक) अखेरीस सोमेई नावाच्या गावातल्या माळ्यांनी हा वाण पसरवला. ते गाव म्हणजे आजच्या टोकियोतला कोमागोमे भाग. बी पेरून हा वाण तसाच्या तसा येत नाही, म्हणून तो कलमानेच वाढवतात. सगळी झाडं एकाच झाडाची कलमं असल्यामुळे एका गावातली झाडं एकदम फुलतात आणि एकदमच झडतात. पानं फुटायच्या आत अख्खं झाड फुलांनी भरून जातं. डोळ्यांचं पारणं फिटतं ते या एकजुटीमुळे, आणि आपली पंचाईत होते तीही तिच्यामुळेच.

म्हणूनच बाकीच्या जाती माहीत असणं फार उपयोगाचं. लोंबत्या फांद्यांचा ‘शिदारे-झाकुरा’ बहुधा काही दिवस आधी फुलतो. डोंगरातल्या ‘यामाझाकुरा’ला फुलांबरोबरच तांबूस कोवळी पानं येतात. भरगच्च पाकळ्यांचा ‘यायेझाकुरा’ सोमेई योशिनोनंतर आठवडा-दोन आठवड्यांनी येतो. ‘कावाझु-झाकुरा’ गडद गुलाबी असतो, फेब्रुवारीत फुलतो आणि महिनाभर टिकतो. ओकिनावात तर ‘कानहि-झाकुरा’ जानेवारीतच बहरतो.

नवख्यांची गल्लत होते ती ‘उमे’ या झाडाशी. तेही गुलाबी-पांढरं असतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतं. झाडाजवळ जा आणि फुलाचा देठ बघा. उमेचं फूल फांदीला चिकटून बसलेलं असतं. साकुराच्या एकाच कळीतून दोन-चार फुलं लांब देठांवर झुलत बाहेर येतात. मग पाकळीचं टोक पाहा. उमेची पाकळी गोल असते, साकुराच्या पाकळीला टोकाशी छोटीशी खाच असते. खोडावर आडव्या रेघा दिसल्या तर शंकाच नको.

दुसरी पायरी: महिना आणि प्रदेश यांची जोडी जमवा

पहिली फुलं उमलणं म्हणजे ‘काइका’ आणि पूर्ण बहर म्हणजे ‘मानकाई’. जपानच्या हवामान विभागाच्या १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या सरासरीनुसार या दोन तारखा अशा:

- फुकुओका: २२ मार्च, ३१ मार्च
- टोकियो: २४ मार्च, ३१ मार्च
- क्योटो: २६ मार्च, ४ एप्रिल
- ओसाका: २७ मार्च, ४ एप्रिल
- सेंदाई: ८ एप्रिल, १३ एप्रिल
- आओमोरी: २२ एप्रिल, २६ एप्रिल
- साप्पोरो: १ मे, ५ मे

दक्षिणेत पहिल्या फुलापासून पूर्ण बहरापर्यंत आठवडाभर जातो, उत्तरेत चार-पाच दिवसच. तिकडे ऊब उशिरा येते, पण आली की भराभर वाढते. म्हणून उत्तरेत जाणाऱ्याने मुक्काम जरा लांब ठेवावा.

जुन्या प्रवासपुस्तकांत ‘एप्रिलचा पहिला आठवडा’ असं सरसकट लिहिलेलं आढळतं. टोकियोपुरतं तरी त्यावर विसंबू नका. क्योटोच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या आहेत. दरबारी रोजनिश्या आणि जुनी बखरवजा कागदपत्रं चाळून संशोधक यासुयुकी आओनो यांनी त्या जुळवल्या, आणि गेल्या शतकभरात बहर किती अलीकडे सरकला ते त्यातून स्वच्छ दिसतं. माझं मत विचाराल तर टोकियो-क्योटो करणाऱ्याने २५ मार्च ते ५ एप्रिल हा काळ धरावा.

तिसरी पायरी: अंदाज वाचायला शिका

बहराचे अंदाज जानेवारीपासून येऊ लागतात. सरकारी हवामान विभागाने २०१० पासून ते काम थांबवलं. आता वेदरन्यूजसारख्या खासगी कंपन्या अंदाज देतात आणि दर काही दिवसांनी सुधारतात. सरकारी विभाग अजूनही फुलं उमलल्याची अधिकृत घोषणा करतो. त्यासाठी गावोगावी एकेक नमुना झाड ठरलेलं आहे. टोकियोचं झाड यासुकुनी मंदिराच्या आवारात आहे. त्यावर पाच-सहा फुलं उमललेली दिसली की काइका जाहीर होतो, आणि ऐंशी टक्के कळ्या उघडल्या की मानकाई. मार्चच्या मधल्या आठवड्यांत त्या झाडापुढे टीव्हीवाल्यांचे कॅमेरे लागलेले असतात आणि अधिकारी मान वर करून फुलं मोजत असतात.

अंदाज कशामुळे बदलतात? कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात आणि नंतर झोपी जातात. त्यांना जागं व्हायला आधी चांगली कडाक्याची थंडी लागते, मग ऊब. टोकियोसाठी लोक एक सोपा आडाखा वापरतात: १ फेब्रुवारीपासून रोजच्या कमाल तापमानाची बेरीज करत जायची, ६०० अंशांच्या आसपास पोहोचली की फुलं येतात. फेब्रुवारी उबदार गेला तर तुमच्या लक्षात येईल, की सहलीचा कल उत्तरेकडे झुकवायला हवा.

उद्यानांच्या संकेतस्थळांवर रोजची स्थिती लिहिलेली असते. तिथले शब्द ओळखता आले तर काम भागतं. ‘त्सुबोमि’ म्हणजे अजून कळ्याच. ‘गोबु-झाकी’ म्हणजे अर्धा बहर. ‘मानकाई’ आपण पाहिलाच. ‘चिरी-हाजिमे’ म्हणजे पाकळ्या गळायला लागल्या, आणि ‘हा-झाकुरा’ म्हणजे पानं आली, आता दुसरीकडे चला.

पावसाचा अंदाज पाहून घाबरून जाऊ नका. अर्धवट उमललेली फुलं वाऱ्यापावसाला चिवटपणे तोंड देतात, आणि थंडी परतली तर बहर उलट जास्त दिवस टिकतो. पाऊस नडतो तो पूर्ण बहरानंतर. सोमेई योशिनोचं फूल जवळून पाहा. कोवळं असताना त्याचा मध्य हिरवट-पांढरा असतो. तिथे पुंकेसरांच्या बुडाशी लाली चढली, की ते फूल आता एखाद-दोन दिवसांचं सोबती. अशा वेळी उद्यावर ढकलू नका, आजच जा.

चौथी पायरी: मुक्काम निवडा

*टोकियो.* पहिल्यांदा येणाऱ्यांना सोयीचा. उएनो उद्यान गजबजलेलं, संध्याकाळी कंदिलांनी उजळलेलं. राजवाड्याच्या खंदकाकाठचं चिदोरिगाफुची अतिशय देखणं आहे. पाण्यावर झुकलेल्या फांद्यांखालून होडीही वल्हवता येते, पण रांग मोठी असते. मेगुरो नदीच्या दोन्ही काठांवर सुमारे ८०० झाडं आहेत. शनिवारी-रविवारी संध्याकाळी मात्र तिथे मुलांना घेऊन जाऊ नये, पाय ठेवायला जागा नसते. एकच ठिकाण निवडायचं झालं तर मी शिंजुकु ग्योएन सांगेन. पाचशे येन तिकीट, दारूला बंदी, विस्तीर्ण हिरवळ, आणि मुख्य म्हणजे अनेक जातींची झाडं. सोमेई योशिनो संपला तरी एप्रिलच्या मध्यापर्यंत तिथे यायेझाकुरा असतो. बहराच्या काही दिवसांत प्रवेशासाठी आधी नोंदणी लागू शकते, ते तेवढं तपासा.

निशी-कासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे बऱ्याच मराठी कुटुंबांचे नातेवाईक तिथेच उतरतात. तुम्हीही तिथे असाल तर त्याच एदोगावा विभागात अराकावा नदीकाठची कोमात्सुगावाची साकुराची रांग गाठा. मध्य टोकियोपेक्षा तिथे निवांतपणा मिळतो.

फेब्रुवारीत येणार असाल तर इझु द्वीपकल्पातलं कावाझु गाव. टोकियोहून ‘ओदोरिको’ गाडीने अडीच-पावणेतीन तास. गडद गुलाबी झाडं, खाली मोहरीसारखी पिवळी ‘नानोहाना’, मधून नदी. गर्दी असते, पण सकाळी नऊच्या आत पोहोचलात तर छान वाटतं.

*क्योटो-ओसाका.* मागे-पुढे सरकायला याहून चांगला मुक्काम मला माहीत नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मारुयामा उद्यानातलं लोंबत्या फांद्यांचं मोठं झाड फुलतं. मग केआगेची जुनी रुळांची उतरण आणि तत्त्वज्ञांचा पथ, म्हणजे तेत्सुगाकु-नो-मिची. हे दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही सकाळी साडेसहालाच पाहावेत. दाइगो-जी मंदिरात १५९८ साली त्या काळचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीने थाटामाटात साकुरा-दर्शनाची मेजवानी केली होती. आजही ते मंदिर साकुरासाठीच ओळखलं जातं. उशीर झालाच तर निन्ना-जी मंदिरातला ओमुरो साकुरा आहे. ही झाडं ठेंगणी, फुलं चेहऱ्याच्या उंचीवर, आणि क्योटोतल्या सगळ्यांत उशिरा फुलणाऱ्यांपैकी. त्याच सुमारास, एप्रिलच्या मध्याला, ओसाकाची सरकारी टांकसाळ आपला यायेझाकुरांचा रस्ता जेमतेम आठवडाभर लोकांसाठी उघडते. ही प्रथा १८८३ पासूनची आहे.

आणि योशिनो. ओसाकाच्या आबेनोबाशी स्थानकावरून किंतेत्सु गाडीने सव्वा ते दीड तास. डोंगरभर सुमारे ३०,००० झाडं, मुख्यतः यामाझाकुरा. तिथे बहर पायथ्यापासून माथ्याकडे चढत जातो. खालचा टप्पा शिमो-सेनबोन, मग नाका-सेनबोन, कामि-सेनबोन आणि शेवटी ओकु-सेनबोन. खाली पाकळ्या गळत असतात तेव्हा वर कळ्या उघडत असतात, म्हणून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात इथे हात हलवत परत यावं लागत नाही. चालायचे बूट हवेत. वर गेल्यावर मागे वळून संपूर्ण उतार पाहा, शहरातल्या उद्यानात हे दृश्य मिळत नाही.

क्योटोतली हॉटेलं या काळात परवडत नाहीत. ओसाकात राहा, जलद लोकल अर्ध्या तासात क्योटोला पोहोचवते. ओसाकाहून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, ओकायामा पाऊण तासावर आहे. पुण्यातलं सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएनच्या धर्तीवर केलंय, ते कोराकुएन तिथलं, आणि त्याच्या शेजारून वाहणाऱ्या आसाही नदीच्या काठावर साकुरा असतो. वाटेत हिमेजीचा पांढराशुभ्र किल्लाही पाहून होतो. एप्रिलच्या उत्तरार्धात येणाऱ्यांनी कोयासानचा विचार करावा. सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या या मठांच्या गावात फुलं उशिरा येतात, आणि तिथल्या विद्यापीठात २०१५ साली उभारलेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. त्या निमित्ताने महाराष्ट्रातून मुद्दाम जाणारे आहेत, त्यांनी महिना हा धरावा.

*तोहोकु, म्हणजे ईशान्य जपान.* माझं मन इथे जास्त रमतं. सेंदाईहून अर्ध्या तासावर ओगावाराजवळ शिरोइशी नदीच्या काठाने काही किलोमीटर साकुरा आणि मागे बर्फाच्छादित झाओ पर्वत. फुकुशिमात मिहारु गावी हजार वर्षांहून जुना ताकिझाकुरा आहे, एकच झाड, धबधब्यासारखं कोसळणारं. काकुनोदाते गावात काळ्या लाकडी कुंपणांवरून लोंबणाऱ्या फांद्या, सामुराईंची जुनी घरं. आणि हिरोसाकी. तिथल्या किल्ल्याच्या उद्यानात सुमारे २,६०० झाडं आहेत. हा सफरचंदांचा मुलूख. इथल्या माळ्यांनी सफरचंदाच्या झाडांची छाटणीची पद्धत साकुराला लावली, त्यामुळे एकेका कळीतून जास्त फुलं येतात आणि म्हातारी झाडंही जोमाने फुलतात. १८८२ साली लावलेलं सोमेई योशिनोचं झाड इथे अजून उभं आहे. बहर सरू लागल्यावर खंदकाचं पाणी पाकळ्यांनी गच्च झाकून जातं, त्याला ‘हानाइकादा’ म्हणतात. ते पाहायला लोक मुद्दाम दोन दिवस उशिरा येतात, आणि ते बरोबरच करतात.

पाचवी पायरी: झाडाखाली बसायचा दिवस

साकुरा चालत-चालत पाहून संपवायचा नसतो. सतरंजी टाकून झाडाखाली बसणं, यालाच हानामी म्हणतात. निळ्या प्लॅस्टिकच्या चादरी शंभर येनच्या दुकानात मिळतात. आधी त्या उद्यानात बसायला परवानगी आहे का, ते पाहा. चादर खोडापासून थोडी दूर टाका, मुळांवर वजन पडून झाडं मरतात. बूट काढून चादरीबाहेर ठेवा. फांदी वाकवू नका, झाड हलवून पाकळ्या पाडू नका. कचऱ्याचे डबे क्वचितच असतात, तेव्हा एक पिशवी बरोबर ठेवा आणि सगळं परत न्या.

मार्चअखेर टोकियोत दुपारी चौदा-पंधरा अंश असलं तरी ऊन उतरलं की गारठा जाणवतो. जमिनीवर बसल्यावर तर जास्तच. एकावर एक घालायचे कपडे, पायमोजे आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर जाड बसकर हवंच. याच काळात ‘सुगी’ या सूचिपर्णी झाडांचे परागकण हवेत असतात. ॲलर्जीचा त्रास असेल तर मास्क आणि गोळ्या घरूनच आणा.

शाकाहारी मंडळींनी जेवणाचा विचार आधीच करावा. उमेबोशी, म्हणजे आंबट-खारवलेलं उमेचं फळ घातलेली ओनिगिरी (भाताचा मुटका) कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळते आणि ती बहुधा चालते. गोड तोफूच्या पिशवीतला भात, इनारी, दिसायला शाकाहारी असला तरी त्यात माशाचं दाशी, म्हणजे सार, असतंच असं धरून चाला. गुलाबी-पांढरा-हिरवा तिरंगी हानामी दांगो तांदळाच्या पिठाचा असतो, तो बिनघोर खा. साकुरा-मोची ही तांदळाची चिकट मिठाई चुकवू नका. हळदीच्या पानातल्या पातोळ्यांना जसा पानाचा वास लागतो, तसा हिला खारवलेल्या साकुराच्या पानाचा वास असतो, पण हे पान मोचीबरोबर खातातही. घरून भाकरवडी, चिवडा, लाडू आणायला हरकत नाही. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ मात्र विमानतळावर अडवले जातात.

सहावी पायरी: व्हिसा, हॉटेल, तिकिटं

हॉटेल सर्वांत आधी. पाच-सहा महिने आधी, आणि फुकट रद्द करता येईल असंच घ्या. मुंबई किंवा दिल्लीहून विमानाचं तिकीट पक्कं केल्यावर हीच सवलत तुम्हाला ओसाकाऐवजी सेंदाईला वळायची मोकळीक देते. भारतीयांना व्हिसा लागतो. एकदाच प्रवेशाचा व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत देशात यायचं असतं, म्हणून मार्चच्या सहलीसाठी नोव्हेंबरात अर्ज करू नका.

सात दिवसांच्या देशव्यापी रेल्वे पासची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येन झाली. टोकियो ते क्योटो एका बाजूचं भाडं साधारण १४,००० येन आहे. म्हणजे नुसतं टोकियो-क्योटो-टोकियो करणाऱ्याला पास परवडत नाही. साधी तिकिटं काढा आणि शहरात फिरायला सुइका किंवा इकोका कार्ड वापरा. हिरोसाकीपर्यंत जाऊन येणाऱ्यांनी पूर्व जपानचे प्रादेशिक पास तपासावेत.

शाळकरी मुलं बरोबर असतील तर

राज्य मंडळाच्या शाळांतल्या मुलांना मार्चअखेरीस निघता येत नाही, आणि मग पुष्कळ पालक साकुराचा नाद सोडून देतात. तसं करायचं कारण नाही. २५ एप्रिलच्या सुमारास निघता आलं तर हिरोसाकी मिळण्याची चांगली शक्यता. महाराष्ट्र दिनाच्या आसपास पोहोचत असाल तर होक्काइदो हे उत्तरेकडचं बेट: हाकोदातेतला गोर्योकाकु हा तारकेच्या आकाराचा किल्ला, शेजारच्या मनोऱ्यावरून पाहिलेला, आणि त्यानंतर साप्पोरो. हवा स्वच्छ आणि थंड असते, मुलांना पळायला जागा भरपूर.

अडचण एकच. २९ एप्रिल ते ५ मे हा जपानचा ‘गोल्डन वीक’, सगळा देश प्रवासाला निघालेला असतो. शिंकान्सेनची आरक्षणं प्रवासाच्या बरोबर एक महिना आधी, जपानी वेळेनुसार सकाळी दहाला उघडतात. आपल्याकडे तेव्हा साडेसहा वाजलेले असतात. तारीख कॅलेंडरवर टिपून ठेवा आणि त्याच सकाळी तिकिटं काढून टाका.